शून्य अंशावर वितळलेलं बीड

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीतली एक चिठ्ठी माझ्या पाकिटात अजून आहे. थर्मल कागद, त्यामुळे अक्षरं उडत चाललीत. हीट, म्हणजे भट्टीतल्या घाण्याचा, नंबर ११. वेळ पहाटे ४.२१. तापमान ०.

ती छापली गेली तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते आणि लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या बादलीत, चौदाशे अंशांच्या वरचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, होतं. भट्टीवरचे मामा चिठ्ठी घेऊन केबिनमध्ये आले. मामा मूळचे गोकाककडचे. घरात कन्नड, कामावर मराठी, रागावले की दोन्ही. "अक्का, हे बघा की वो. टाइम सरी इल्ल, ते एक ऱ्हाऊ दे. पण शून्य? शून्यावर बीड पातळ होतंय व्हय?"

प्रोग्राम माझाच. केबिनच्या भिंतीला ठोकलेल्या डब्यात एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा संगणक, त्याला मीटरची वायर, चिठ्ठीचा प्रिंटर आणि ऑफिसकडे जाणारी नेटवर्कची केबल. थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजायची, दांडी बिडात बुडवली की मीटरवर आकडा चढतो आणि स्थिरावतो. तो उचलायचा, चिठ्ठी छापायची, ऑफिसच्या संगणकावर पाठवायचा. ही तीन कामं मी तीन वेगळ्या प्रोसेसना, म्हणजे चालू प्रोग्रामना, वाटून दिली होती. मीटर वाचणारा प्रोग्राम मीटरवाल्यांकडून आलेला, त्याचा सोर्स आपल्याकडे नाही. वायर जरा हलली की तो गप्प बसतो, आकडाही देत नाही आणि बंदही होत नाही. म्हणून त्याला वीस सेकंदांची मुदत. तेवढ्यात उत्तर नाही आलं तर त्याला मारायचं आणि शून्य छापायचं.

तर शून्याचा अर्थ एकच: वीस सेकंद उलटले. मामा म्हणत होते, दांडी बुडवून पाच सेकंदही झाले नव्हते. मी मामांवर विश्वास ठेवला नाही. (हे इथे कबूल करते आहे, त्यांच्या तोंडावर अजून केलेलं नाही.) दोन दिवस वायरी हलवून बघत बसले.

तिसऱ्या दिवशी तारेला टोचून ठेवलेला जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि शून्यवाल्या तेवढ्या वेगळ्या केल्या. सहा निघाल्या. तास वेगवेगळे, पण मिनिटं सगळ्यांची १७ आणि २५ च्या मधली. हे पाहिलं आणि वायरी सोडून दिल्या.

रास्पबेरी पायच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत बोर्डावर बॅटरीवर चालणारं घड्याळच नव्हतं. २०२३ च्या पाचव्या आवृत्तीत ते आलं, तेही बॅटरी आपण जोडायची. लाइट गेली की या यंत्राला काळवेळ राहत नाही. म्हणून त्यावरच्या लिनक्समध्ये एक जुगाड असतो: दर तासाला चालू वेळ एका फाइलीत लिहून ठेवायची आणि पुन्हा उठताना तीच खरी धरायची. आणि हे लिनक्स ज्यावर बेतलंय त्या डेबियनमध्ये दर तासाची कामं सुटतात ती १७ व्या मिनिटाला. त्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास पावसात वीज कडाडली आणि केबिनचा एमसीबी पडला. भट्टीची लाइन वेगळी, ती चालूच. दुपारी कुणाच्या तरी लक्षात आलं, त्याने खटका वर केला. पाय उठला आणि ४.१७ वाजलेत असं समजून कामाला लागला. चार मिनिटांनी मामांनी दांडी बुडवली. नेमका तेव्हाच राउटर शुद्धीवर आला, इंटरनेटवरून खरी वेळ मिळाली आणि घड्याळाने साडेसात तासांची उडी घेतली.

माझा कोड काय करत होता? सुरुवातीची वेळ लक्षात ठेवायची, आत्ताची वेळ विचारायची, वजाबाकी करायची. वजाबाकी आली सत्तावीस हजार सेकंदांच्या वर. वीसपेक्षा जास्त आहे ना? मार.

उलटंही घडलं एकदा. रात्रपाळीच्या पोराने घड्याळ चुकलंय हे पाहून स्वतःच हाताने लावलं, एएम-पीएमचा घोळ करून, बारा तास पुढे. थोड्या वेळाने नेटवर्कने ते मागे खेचलं. मधल्या वेळात लावलेली वीस सेकंदांची मुदत आता बारा तासांनी संपणार होती. मीटरचा प्रोग्राम वायरीच्या नादात गप्प बसला आणि त्याला मारणारं कुणी उरलं नाही. त्या रात्री एकही चिठ्ठी निघाली नाही.

माझं आजोळ नंदगडचं. तिथे माळ्यावर एक घटिकापात्र होतं. तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक. लग्नाचा मुहूर्त साधायला ती घंगाळातल्या पाण्यावर ठेवायची. भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. अशा साठ घटकांचा दिवस. आजी सांगायची, वाटीपाशी बसवलेल्या माणसाने फक्त बुडणं मोजायचं. किती वाजले हे वाटीला ठाऊक नसतं आणि तिला कुणी विचारायचंही नसतं.

संगणकातही अशी दोन घड्याळं असतात. क्लॉक रिअलटाइम हे भिंतीवरचं. ते माणसांच्या ठरावावर चालतं. १ जानेवारी १९०६ ला भारताची प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची वेळ पुढे कितीतरी वर्षं सोडली नव्हती. त्या घड्याळाला कुणीही हात लावावा: नेटवर्क, रात्रपाळी, सरकार. दुसरं क्लॉक मोनोटॉनिक, म्हणजे आमची वाटी. ते यंत्र सुरू झाल्यापासून नुसतं पुढे मोजत राहतं, मागे कधीच जात नाही. मी मुदत भिंतीवरच्या घड्याळावर मोजत होते. चूक एवढीच, आणि दुरुस्तीही एका ओळीची. पण ती ओळ बदलताना पुढचं सगळं माझ्या गळ्यात पडलं, कारण तोवर शेठनी सांगितलं होतं की हाच प्रोग्राम ऑफिसच्या विंडोजवरही हवा. आणि मी स्वतः काम करते मॅकवर.

इथे एक कबुली. लूप मी हाताने लिहिला होता. इव्हेंट लूप म्हणजे काय, तर एकच माणूस सगळ्या दारांवर कान लावून बसतो, जे दार वाजेल ते उघडतो, काम उरकतो आणि पुन्हा बसतो. मीटरची वायर एक दार, नेटवर्क दुसरं, प्रिंटर तिसरं. काहीच वाजत नसेल तेव्हा तो डुलकी काढतो, पण त्याआधी बघतो की सगळ्यांत जवळची मुदत किती दूर आहे, आणि कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, सांगतो, तेवढ्याने उठव. म्हणजे घड्याळ चुकलं की याची झोपच चुकते. कॉलेजात सिलेक्ट, म्हणजे अनेक दारांवर एकदम कान लावायची युक्ती, शिकले होते, दीडशे ओळींत सगळं बसलं होतं, आणि त्या दीडशे ओळींचा मला फार अभिमान होता.

वाटी प्रत्येक यंत्राची निराळी निघाली. लिनक्सवर क्लॉक_गेटटाइमला मोनोटॉनिक मागायचं, झालं. मॅकवर ही सोय २०१६ च्या सिएरा आवृत्तीपासून. त्याआधी माख_ॲब्सोल्यूट_टाइम वापरायचं. ते सेकंद देत नाही, स्वतःचे टिपके देतं, आणि एका टिपक्याचे किती नॅनोसेकंद हे वेगळं विचारावं लागतं. इंटेलच्या मॅकवर हे प्रमाण एकास एक, त्यामुळे न विचारताही कोड चालून जायचा. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर ते १२५ भागिले ३ आहे. न विचारणाऱ्याची वीस सेकंदांची मुदत तिथे चौदा मिनिटांच्या जवळ जाते.

विंडोजवर गेटटिककाउंट नावाची जुनी वाटी आहे. ती मिलिसेकंद ३२ बिटांत मोजते, म्हणून ४९.७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर येते. विंडोज ९५ आणि ९८ इतके दिवस सलग चालले तर लटकायचे, ते याच हिशेबामुळे. व्हिस्टापासून ६४ बिटांची आवृत्ती आली, आणि बारीक मोजायला क्वेरी परफॉर्मन्स काउंटर आहे. शिवाय यंत्र झोपलं तर ती झोप मोजायची की नाही, यावर एकमत नाही. लिनक्सचं मोनोटॉनिक झोप धरत नाही, झोप धरणारं बूटटाइम म्हणून वेगळं आहे. माझ्या लॅपटॉपचं झाकण मिटलं की मुदती किती सरकतात, हे तपासण्यात एक रविवार गेला. मांडे खायला बोलावलं होतं एकीकडे, तेही राहिलं.

घड्याळाचं एवढं सांगितलं, पण मला खरं छळलं ते पोरांनी. पोरं म्हणजे चाइल्ड प्रोसेस, एका प्रोसेसने काढलेल्या दुसऱ्या. काढणारी ती आई.

युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्स आणि मॅकच्या घराण्यात, पोर संपलं तरी लगेच जात नाही. ते कसं संपलं, धड की वाईट, एवढी एक नोंद कर्नल धरून ठेवतं, आई येऊन विचारेपर्यंत. तोवर त्याचा नंबर अडकलेला. खानापूरला मलप्रभेच्या काठी दहाव्याला पिंड मांडून कावळ्याची वाट बघत सगळे ताटकळतात ना, तसं. कावळा शिवला की मोकळे. इथला कावळा म्हणजे वेटपिड. त्याने शिवलं नाही तर प्रोसेसच्या यादीत त्या पोराच्या नावापुढे डिफंक्ट असं लिहून येतं. इंग्रजीत त्याला झॉम्बी म्हणतात. मला कावळ्याचंच बरं वाटतं, कारण दोष पोराचा नसतो, न शिवणाऱ्याचा असतो.

माझ्या यादीत एके सकाळी असे सहाशेच्या वर पिंड होते. मी तर प्रत्येक सिगचाइल्डला, म्हणजे "पोर संपलं" या सिग्नलला, एकदा वेटपिड करत होते. हिशेब चोख. पण सिग्नल रांगेत उभे राहत नाहीत. एक सिगचाइल्ड आलेला असताना दुसरा आला, तिसरा आला, तरी खूण एकच राहते. छापणारा आणि पाठवणारा हे दोघे बहुतेक एकदमच संपायचे. निरोप एक, मी शिवायची एकाला, दुसरा ताटकळत. असं साचत साचत शेवटी पोर काढणाऱ्या फोर्कने नवं पोर द्यायलाच नकार दिला.

मग मी शहाणपणा केला. वेटपिडला उणे एक दिलं, म्हणजे "जे कुणी संपलं असेल त्याला शिव", आणि कुणी उरेनासं होईपर्यंत फिरत राहायचं. पिंड गायब. दोन दिवसांनी मामा पुन्हा चिठ्ठ्या घेऊन हजर. "आता जोड्यानं येत्यात वो अक्का."

खरंच प्रत्येक चिठ्ठी दोनदा. प्रिंटरची लायब्ररी आतल्या आत स्वतःचं एक पोर काढते आणि ते कसं संपलं हे विचारायला जाते. त्याआधीच माझ्या "जे कुणी असेल त्याला" या हावरट कावळ्याने त्याला शिवलेलं असायचं. लायब्ररीला उत्तर मिळायचं, असं पोरच नाही. ती समजायची, छपाई फसली. पुन्हा छापायची. दुसऱ्याच्या घरच्या पिंडाला तोंड लावू नये, हे कुणी सांगायला हवं होतं का मला?

त्याच संध्याकाळी दीडशे ओळी पुसल्या आणि लिबयूव्ही हा तयार इव्हेंट लूप घेतला. ही लायब्ररी २०११ ची, नोड जेएससाठी, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या यंत्रणेसाठी, लिहिलेली. नोडला विंडोजवर न्यायचं होतं आणि तोवरची लूपची लायब्ररी लिबईव्ही मुळात युनिक्सच्या वळणाची होती. म्हणून दोन्हीकडे सारखं दिसेल असं एक आवरण केलं. सुरुवातीला युनिक्सवर आत लिबईव्हीच होती, पुढे ती काढली. मी तिचा सोर्स उघडून पोरांचा भाग वाचला, आणि माझ्या प्रत्येक चुकीला तिथे एक शांत उत्तर होतं. सिग्नल आला की हँडलरमध्ये, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, काहीच काम नाही, स्वतःच्याच एका पाइपमध्ये, म्हणजे निरोपांच्या नळीत, छोटा निरोप टाकायचा. सिग्नल हँडलरमध्ये फार थोड्या गोष्टी सुरक्षितपणे करता येतात, लिहिणं त्यांतली एक. मग लूपला ते दार वाजल्यासारखं वाटतं आणि तो सावकाश, शुद्धीत असताना, आपण काढलेल्या एकेका पोराला नंबर घेऊन विचारतो: तू संपलास का? उणे एक नाही. एक निरोप आला काय आणि तीन आले काय, विचारायचं सगळ्यांना. लिनक्समध्ये आता याहून सोपी वाट आहे. २०१९ च्या ५.३ कर्नलपासून चालू पोराचा पिडएफडी मागता येतो, म्हणजे पोर हेच एक दार होतं आणि संपलं की वाजतं. सिग्नलची भानगडच नको.

आणखी एक बारकावा मला फार आवडला. फोर्क झालं, पण पुढे एक्झेक, म्हणजे पोरात नवा प्रोग्राम भरणं, फसलं, समजा फाइलच जागेवर नाही, तर आईला कळणार कसं? तोवर पोर जन्मलेलं असतं. लिबयूव्ही दोघांमध्ये एक पाइप ठेवते, जी एक्झेक जमलं की आपोआप मिटते. मिटली म्हणजे सगळं ठीक. न मिटता त्यातून आकडा आला, तर तो काय चुकलं ते सांगणारा नंबर. आई त्या पाइपवर कान लावून थांबते. निरोप न येणं हाच चांगला निरोप. परगावी गेलेल्या मुलांच्या घरी असतं तसं.

विंडोजवर हे काहीच नाही. फोर्क नाही, सिगचाइल्ड नाही, पिंड नाहीत. पोराचं एक हँडल मिळतं, ते जवळ असेपर्यंत केव्हाही विचारा. पण मारायचं म्हणजे टर्मिनेटप्रोसेस, थेट मुंडकं. "आवरून घे" असं सांगण्याची सरसकट सोय नाही, त्यामुळे मीटरचा प्रोग्राम पोर्ट अर्धवट सोडून जायचा. ऑफिसमधली गंमत निराळीच. तिथल्या हिशेबनीस बाईंनी बिलांच्या फोल्डरला कन्नडमध्ये नाव दिलेलं. माझ्या जुन्या कोडला तिथे नुसती प्रश्नचिन्हं दिसायची, कारण विंडोजच्या जुन्या अक्षरपद्धतीत कन्नडलाही जागा नाही आणि आपल्या देवनागरीलाही नाही. या एका बाबतीत सीमेच्या दोन्ही बाजूंना अगदी सारखा न्याय. लिबयूव्ही आत सगळं युनिकोडमधूनच नेते, त्यामुळे मला काही करावं लागलं नाही. बाईंना फोल्डरचं नाव बदला म्हणून सांगायची वेळ आली नाही, याचा मला केवढा आनंद झाला!

लायब्ररी घेतली म्हणून सुटले असं मात्र नाही. महिन्याभराने मुदत पुन्हा लवकर संपू लागली. वीसऐवजी तेरा-चौदा सेकंदांत. आता तर वाटी होती! झालं होतं असं: लिबयूव्ही घड्याळ सारखं बघत नाही. फेरीच्या सुरुवातीला एकदा बघते आणि फेरीभर तीच वेळ धरून चालते, नाहीतर हजार टायमर असले तर घड्याळ विचारण्यातच वेळ जाईल. मी एका कॉलबॅकमध्ये, म्हणजे दार वाजल्यावर लूप जे काम उरकतो त्यात, दिवसभराची नोंदवही मेमरी कार्डवर लिहीत होते, सहा-सात सेकंद, आणि मग वीस सेकंदांचा टायमर लावत होते. लायब्ररीच्या लेखी अजून सहा-सात सेकंदांपूर्वीचीच वेळ. वीस तिथून मोजले गेले. टायमर लावण्याआधी वेळ ताजी करून घ्यायचं फंक्शन आहे, ते वापरलं. खरं औषध म्हणजे लूपला सात सेकंद अडवायचंच नाही. मुकाट्याने ते लिखाणही एका पोराला दिलं.

मीटरच्या पोराचीही एक तक्रार झाली. पोर संपल्याचं कळायचं, पण त्याच्या पाइपचा शेवट येईना. मीटरच्या प्रोग्रामने मागे एक नातवंड सोडलेलं, आणि पाइपचं टोक त्याच्या हातात. पोर संपणं आणि त्याचं बोलणं संपणं या दोन गोष्टी आहेत. दोन्हींची वाट बघायची. एवढंच.

हे सगळं चालू असताना मामांचं लक्ष कशावर होतं, ते मला उशिरा कळलं. एसजी आयर्नच्या हीटमध्ये मॅग्नेशियम टाकतात, त्याने बिडातलं ग्रॅफाइट गोळ्यांसारखं होतं. पण मॅग्नेशियम उडत जातं. टाकल्यापासून साधारण दहा-पंधरा मिनिटांत साच्यात ओतलं नाही तर सगळा माल साधं बीड म्हणून निघतो. मामा ते मनात मोजतात. किती वाजले याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही, टाकून किती झालं ते हवं. म्हणजे भट्टीवर वाटी आधीपासून होतीच.

आता चिठ्ठीवर दोन ओळी असतात. खालची ओळ मामांची: मॅग्नेशियम टाकल्यापासून मिनिटं आणि सेकंद, मोनोटॉनिकवरून. आतल्या नोंदवहीतही सगळं वाटीवरच लिहिलं जातं, सोबत यंत्राच्या त्या खेपेच्या सुरुवातीची खूण. नेटवर्कवरून खरी वेळ आली की दोन घड्याळांतला फरक काढून मागच्या नोंदींना भिंतीवरची वेळ चढवते. वरच्या ओळीत तारीख-वेळ. कर्नलला विचारता येतं, वेळ जुळली आहे का. जुळली नसेल तर खोटी वेळ छापत नाही, तीन फुल्या छापते.

मामा त्या फुल्यांवर बॉलपेनने आपल्या मनगटावरच्या घड्याळातली वेळ लिहितात. ते घड्याळ त्यांनी पाच मिनिटं पुढे लावून ठेवलंय, सव्वासहाची बस चुकू नये म्हणून.